१/७२ स्पिटफायर: डेकलखाली चंदेरी का दिसतं?

सावकाश_चाललंय
ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर मार्क १ चं प्लास्टिक मॉडेल, १/७२ मापाचं, १९४० च्या उन्हाळ्यातलं रूप. ॲक्रिलिक रंग, एअरब्रशने. वर डार्क अर्थ (तपकिरी) आणि डार्क ग्रीन, पोटाला स्काय (हलका पिवळसर हिरवा). त्यावर ग्लॉस वार्निशचा एक हात आणि मग डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं-अक्षरं. ओले होते तोवर झकास दिसत होते. वाळल्यावर अक्षरांभोवतीची पारदर्शक फिल्म चंदेरी झाली, माशाच्या खवल्यासारखी. हिरव्या पट्ट्यांवर सगळ्यात जास्त, तपकिरीवर कमी, स्कायवर जवळजवळ नाहीच.

प्रश्न तीन. लावलेले डेकल वाचतील का? ग्लॉस देऊनही असं का झालं? आणि वॉश (रेषांत भरायचा पातळ गडद रंग) डेकलच्या आधी द्यायचा की नंतर? मॅट वार्निश अजून मारलेलं नाही.

मॅटफिनिश
मारलेलं नाही हे उत्तम. आता ती बाटली कपाटात ठेवा आणि कुलूप लावा.

चंदेरी दिसते ती अडकलेली हवा. मॅट रंगाचा पृष्ठभाग भिंगातून पाहिला तर खडी टाकलेल्या रस्त्यासारखा असतो. फिल्म खडीच्या टोकांवर टेकते, मधले खळगे रिकामे राहतात आणि उजेड तिथून परत फिरतो. ओलं असताना खळग्यांत पाणी असतं म्हणून कळत नाही. मॅट वार्निश मारलं की ती हवा वरून बंद झाली, मग दुरुस्ती दुप्पट अवघड.

चिमटा
बहुतेक वाचतील.

डेकल रात्रभर वाळू द्या. बारीक सुई किंवा पात्याचं नवं कोरं टोक घ्या आणि चंदेरी भागात टोचे मारा, साधारण मिलिमीटरला एक. सुई उभी, वरून खाली. तिरकी धरून ओढली तर फिल्म फाटते. मग मायक्रो सॉलचा (डेकल मऊ करणारं द्रावण) थेंब ब्रशने त्यावर सोडायचा. ते भोकांतून आत जातं, फिल्म मऊ पडते आणि खळग्यांत बसते.

पाच-दहा मिनिटांत डेकलला सुरकुत्या पडतात, आणि नेमकं इथेच लोक बोट लावतात. लावू नका. त्या वेळी फिल्म ओल्या पापडासारखी असते, हात लागला की गेली. वाळताना सुरकुत्या आपल्या आपण बसतात. उरलेल्या डागांना दुसरी फेरी, हवी तर तिसरी. पॅनेलच्या रेषेवर डेकल तंबूसारखं ताणलं असेल तर रेषेतून पात्याची एक हलकी चीर द्या आणि पुन्हा सॉल.

अर्धवट_किट
एवढी उस्तवार कशाला? रंग उडून खालचं ॲल्युमिनियम दिसतंय म्हणायचं. फक्त अक्षरांच्या भोवतीच का उडाला असं कोणी विचारलं तर विषय बदलायचा.

पॉलिशपेपर
चिमटा यांचा उपाय बरोबर आहे, पण रोग कुठला ते राहिलं. 'हिरव्यावर जास्त, स्कायवर नाही' यातच उत्तर आहे. एकच ग्लॉस, एकच डेकल शीट, एकच हात. म्हणजे फरक खालच्या रंगात.

गडद रंगावर चंदेरी उठून दिसतं हा एक भाग. दुसरा असा की हिरवा शेवटी मारला जातो, मास्किंगच्या कडांना जपत, थोडा लांबून. एअरब्रश लांब गेला की थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि पृष्ठभागावर पावडरसारखे बसतात. हा कोरडा फवारा डोळ्यांना कळत नाही. बोटाच्या मागच्या बाजूने अलगद चाचपा, पोट गुळगुळीत आणि हिरवा खरबरीत लागेल. अशा खडीवर ग्लॉसचा एक पातळ हात म्हणजे खडीवर शिंपडलेलं पाणी.

०.३ मिमी नोझल असेल तर दाब १५ पीएसआयच्या आसपास, अंतर ५ ते ७ सेंमी. तामियाचा ॲक्रिलिक असेल तर त्याच्याच थिनरने साधारण निम्मेनिम्म. भांड्याच्या कडेला लावल्यावर रंग सायीच्या दुधासारखा नाही, साय काढलेल्या दुधासारखा ओघळला पाहिजे. हवा कोरडी आणि गरम असेल तर रिटार्डरचे (रंग सावकाश वाळू देणारं द्रव) दोन-तीन थेंब. फवारताना रंग क्षणभर ओला चमकला पाहिजे. चमकलाच नाही तर तो हवेतच वाळतोय.

पुढच्या वेळी ग्लॉसच्या आधी पूर्ण वाळलेल्या रंगावर जुनं सुती कापड फिरवा. फार खरबरीत असेल तर ३००० नंबरचा पॉलिश पेपर, ओला, अगदी हलक्या हाताने. मग ग्लॉसचे दोन-तीन हात. खिडकीची चौकट पंखात ओळखू येईपर्यंत डेकलला हात नाही.

बारीक_ब्रश
एअरब्रश नसलेल्यांचं काय?

मॅटफिनिश
ब्रशने कोरडा फवारा होत नाही, त्याऐवजी केसांच्या रेघा राहतात आणि हवा त्यांत अडकते. व्हॅलेजोसारखे पाण्याचे रंग घ्या, मऊ केसांचा चपटा ब्रश, तीन-चार पातळ हात. पहिला हात डागाळलेलाच दिसतो, तो सुधारायला जाऊ नका. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश परत नेला की रंग उचलला जाऊन कड्या पडतात. वरच्या पंखाला हात शक्यतो पुढून मागे, हवेच्या दिशेत. उरलेली रेघ मग मळ म्हणून खपते.

तळटीप
मूळ प्रश्नाला थोडा फाटा. '१९४० च्या उन्हाळ्यातलं रूप' म्हणजे नेमका कुठला महिना? डेकल अजून टोचायचेच आहेत म्हणून विचारतो.

जूनच्या सुरुवातीला लढाऊ विमानांची पोटं स्काय करायचा हुकूम निघाला. त्याआधी पोट अर्धं काळं, अर्धं पांढरं असायचं. स्काय आला तेव्हा पंखाखालची हवाईदलाच्या खुणेची वर्तुळं काढली गेली आणि ऑगस्टमध्ये परत आली. त्यामुळे जुलैचं विमान असेल तर पंखाखाली बहुधा काहीच नको. स्पिनर (पंख्यामधला टोकदार शंकू) त्या उन्हाळ्यात काळा. स्काय रंगाचा स्पिनर आणि शेपटीजवळचा स्काय पट्टा नोव्हेंबरच्या अखेरीस आले. बऱ्याच किटमध्ये दोन-तीन विमानांचे डेकल एकाच शीटवर असतात आणि हौसेने सगळेच लावले जातात.

आणखी एक. वरच्या छलावरणाचे ए आणि बी असे दोन नमुने होते, एकमेकांची आरशातली प्रतिमा. साधारणपणे विमानाच्या सम सीरियल क्रमांकाला ए, विषमाला बी. अपवाद सापडतात, म्हणून त्या विमानाचा फोटो मिळाला तर तोच खरा धरावा. १९४१ च्या सुरुवातीला बी बंद झाला.

सावकाश_चाललंय
बॉक्सवर ऑगस्ट लिहिलंय, म्हणजे खालची वर्तुळं चालतील. पण सीरियल विषम आहे आणि रंगवलाय ए नमुना. सूचनापत्रिकेत एकच चित्र होतं.

अर्धवट_किट
आरशासमोर ठेवा. सीरियल उलटं दिसेल, पण नमुना बरोबर.

तळटीप
😀 सीरियलचे अंक वेगळ्या विमानाचे घेता येतात. स्क्वाड्रनची अक्षरं तीच ठेवून त्याच स्क्वाड्रनचं सम क्रमांकाचं विमान शोधा. १/७२ मध्ये सीरियलचे आठ इंची अंक तीन मिमीपेक्षाही कमी उंच. नवे लावणं सोपं, पंख परत रंगवणं नाही.

काकदृष्टी
रंग आणि डेकल झाल्यावर लोक सगळीकडे चंदेरी ओरखडे मारतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. स्पिटफायरचा सांगाडा आणि पत्रा ॲल्युमिनियमचा, पण शेपटीची हलणारी पानं, म्हणजे रडर आणि एलेव्हेटर, कापडाची. मार्क १ चे पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे एलेरॉनही कापडाचेच. कापड फाटतं, मळतं, पण त्याखालून चकाकता पत्रा निघत नाही. हरिकेन करणाऱ्यांनी तर कॉकपिटच्या मागचं जवळजवळ सगळं धड कापडाचं धरावं.

ओरखडे शोभतात ते डाव्या पंखाच्या मुळाशी. कॉकपिटचं छोटं दार डावीकडे, वैमानिक तिथूनच चढणार. तिथे बारीक स्पंजचा तुकडा चिमट्यात धरायचा, चंदेरीत बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि मग दोन-चार टिपके. पाचवा टिपका मारावासा वाटला की स्पंज खाली ठेवायचा.

आणि बंदुका. आठ ब्राउनिंगच्या तोंडांवर लाल कापडी पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या, धूळ आणि थंडी आत जाऊ नये म्हणून. पहिल्या गोळीबारात त्या फाटत. पट्ट्या शाबूत आणि त्यांच्यामागे बारुदाचा काळा झोत, हे दोन्ही एकाच पंखावर शक्य नाही. एक काहीतरी निवडा.

उडतं_पाखरू
हे शेवटचं वाचून शेल्फावरची तीन विमानं भिंतीकडे तोंड करून ठेवली.

सावकाश_चाललंय
माझा तिसरा प्रश्न तसाच राहिला. वॉश आधी की नंतर?

मॅटफिनिश
नंतर. ग्लॉस, डेकल, पुन्हा ग्लॉस, मग वॉश, शेवटी मॅट. डेकलवर ग्लॉस यासाठी की फिल्मची कड बुजते आणि वॉश कडेला जमून काळी चौकट तयार होत नाही. ॲक्रिलिक ग्लॉसवर ऑइल किंवा इनॅमल वॉश वापरा, व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ केलेला. तो खालच्या ॲक्रिलिकला चावत नाही. बारीक ब्रशचं टोक रेषेला टेकवलं की वॉश आपोआप धावतो. अर्ध्या तासाने कापडाला किंचित स्पिरिट लावून पुढून मागे पुसायचं. काळ्या रंगाने छान उठाव येतो.

पॉलिशपेपर
क्रम मान्य. काळा अमान्य.

हिशेब करा. किटवरची कोरलेली रेषा ०.२ मिमी धरली तर गुणिले ७२ म्हणजे १४ मिमीच्या वर. खऱ्या विमानात तिथे बोट गेलं असतं. रेषा आधीच पन्हाळीएवढी आहे, त्यात काळं भरलं की फरशीच्या सांध्यांसारखी दिसते. हिरव्या-तपकिरीवर गडद तपकिरी, स्कायवर मध्यम राखाडी. काळा फक्त जिथे भाग खरोखर हलतात किंवा उघडतात तिथे, म्हणजे एलेरॉनच्या फटी, इंजिनाची झाकणं.

मॅटफिनिश
हातभरावरून बघणाऱ्याला तपकिरी दिसतच नाही. मॉडेल म्हणजे चित्र आहे, नकाशा नाही. चित्रकार सावली गडद करतो तशी थोडी लबाडी चालते.

पॉलिशपेपर
लबाडी चालते, फरशी नाही.

तळटीप
हाच हिशेब छलावरणाच्या कडांनाही लावा. खऱ्या विमानावर दोन रंगांची कड फार तर इंचभर धूसर, म्हणजे १/७२ मध्ये ०.३५ मिमी. मोकळ्या हाताने फवारलेली 'मऊ' कड २ मिमी आली तर ती खऱ्या मापात चौदा सेंमी होते. ब्लू टॅकच्या (मऊ चिकट पुट्टी) बारीक वळ्या करून त्यांच्या कडेने फवारलं की बरोबर जमतं. वळी गोल असल्यामुळे तिच्याखाली जेमतेम धुकं जातं. एअरब्रश मात्र पृष्ठभागाला काटकोनात धरायचा. तिरका धरला तर फवारा वळीखाली शिरतो.

नवाकोरा
धागा साठवून ठेवला. मी अजून जोडणीवरच आहे. पंख आणि धड यांच्यामध्ये दोन्हीकडे फट येतेय, अर्धा मिमी तरी. लांबी (पुट्टी) भरू का?

चिमटा
थांबा, आधी लांबी नको. स्पिटफायरच्या पंखाच्या मुळाशी गोलाई असते, तिथे लांबी घासताना गोलाईच जाते.

खालचा पंख बहुतेक किटमध्ये एकसंध असतो आणि वरचे दोन वेगळे. सगळं आधी कोरडंच बसवा, टेप लावून. फट बहुधा धड अरुंद पडल्यामुळे येते. मग धडाच्या आत, पंखाच्या मुळाच्या रेषेत, स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिक चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा आडवा टेकू म्हणून बसवा. किंचित लांब कापायचा आणि फट मिटेपर्यंत कानशीने कमी करत आणायचा. दोन्ही पंखांची टोकं सारखी उंच हवीत. स्पिटफायरच्या पंखाचा वरचा कल सहा अंश, पुठ्ठ्याचा कोन कापून पंखाखाली धरला की लगेच कळतं. हे सगळं जुळलं की पातळ सिमेंट फटीला फक्त टेकवायचं, ते केशाकर्षणाने आत पळतं. बोट फटीवर असेल तर ते बोटाखालीही पळतं आणि पंखावर कायमचा ठसा उमटतो.

तरी केसाएवढी फट उरलीच तर पांढरी ॲक्रिलिक पुट्टी भरून ओल्या कापसाच्या काडीने पुसा. घासायची गरज नाही.

पॉलिशपेपर
धडाच्या मधल्या सांध्याबद्दल जोड: सिमेंट प्लास्टिक वितळवून सांधतं. वरून तासाभरात कडक वाटतं, आत मऊच असतं. लगेच घासलं तर सांधा सपाट होतो, दोन दिवसांनी आतलं आक्रसतं आणि रंगाखालून बारीक खाच वर येते. किमान एक दिवस सोडा. सुपरग्लू भरला असेल तर नेमकं उलट, तो तासाभरात घासून टाका. नंतर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि पेपर आजूबाजूचं प्लास्टिक खातो. आधी ४००, मग ६००, मग १०००, शेवटी राखाडी प्रायमरचा पातळ थर. सांधा बुजलाय की नाही ते प्रायमर सांगतो.

नवाकोरा
आणि कॅनपी (कॉकपिटवरची काच) सुपरग्लूनेच ना?

चिमटा
नको! सुपरग्लूच्या वाफेने काचेवर पांढरी बुरशी धरते, तीही आतून, जिथे हात पोचत नाही. कॅनपीला पांढरा पीव्हीए गोंद. सुकल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या ब्रशने पुसता येतो.

मास्किंगसाठी टेपचा तुकडा सगळ्या काचेवर दाबा, लाकडी दातकोरणीने चौकटीच्या कडा घोटा, मग नव्या पात्याने कडेवरून कापा. जुनं पातं टेप कापत नाही, ढकलतं. चौकटीवर आधी कॉकपिटचा हिरवट राखाडी, त्यावर बाहेरचा रंग. असं केलं की आतून पाहिल्यावर चौकट आतल्या रंगाची दिसते.

उडतं_पाखरू
अवांतर: पंख्याची पाती उलटी बसवलेली स्पिटफायरं फार दिसतात, खास करून पाती सुटी असलेल्या किटमध्ये. मर्लिन इंजिनाचा पंखा समोरून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो. नंतरच्या ग्रिफनवाल्या स्पिटफायरचा बरोबर विरुद्ध. पात्याची पिवळी टोकं चार इंची, म्हणजे १/७२ मध्ये १.४ मिमी. आधी टोक पांढरं, मग पिवळं, मग टेप लावून काळा. काळ्यावर पिवळा मारला तर तो चार हातांनीही शेवाळी दिसतो.

बारीक_ब्रश
स्काय नेमका कसा मिसळायचा? वेगवेगळ्या बाटल्यांवर 'स्काय' लिहिलंय आणि एकही दुसरीशी जुळत नाही.

तळटीप
१९४० साली त्यांचंही जुळत नव्हतं. हुकूम आला तेव्हा ठरलेला रंग सगळीकडे पुरेसा नव्हता, काही ठिकाणी हाताशी असलेले रंग मिसळून काम भागवलं गेलं. हलका पिवळसर हिरवा हे मूळ धरा, हंब्रोल कंपनीचा ९० नंबर जवळ जातो. किंचित निळसर झाला तरी त्या उन्हाळ्यात बसतो. १९४१ च्या विमानाला ही सवलत नाही.

सावकाश_चाललंय
प्रगती: सुई आणि सॉलच्या दोन फेऱ्या झाल्या. धडावरची अक्षरं साफ, आता रंगवल्यासारखी दिसतात. वरच्या उजव्या पंखावरचं वर्तुळ साफ. डाव्यावर निळ्या भागाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा डाग उरलाय, तिसऱ्या फेरीनेही हलला नाही. बोटाने चाचपलं, तिथेच हिरवा सगळ्यात खरबरीत. पॉलिशपेपर यांचं निदान बरोबर.

पॉलिशपेपर
तेवढ्या डागावर निळा रंग ब्रशने टिपा. वर्तुळाचा निळा जुळवायला डेकल शीटच्या कोपऱ्यातल्या न लागणाऱ्या वर्तुळावर आधी करून पाहा. डाग पारदर्शक कडेत असेल तर हिरवा टिपा. वरून ग्लॉस येणारच आहे.

मॅटफिनिश
मग वॉश, मग ते कुलूप उघडा. मॅटची बाटली किमान दोन मिनिटं हलवा, मॅट करणारी पावडर तळाला बसते आणि तशीच फवारली तर आधी अर्धवट चमक आणि शेवटी पांढरी राख येते. हवा दमट असताना नको. आधी प्लास्टिकच्या चमच्यावर गडद हिरवा मारून त्यावर करून पाहा. तरी विमानावर पांढरं धरलंच तर खरवडू नका. वरून ग्लॉसचा ओला हात दिला की बहुतेक वेळा पांढरेपणा जातो, मग पुन्हा पातळ मॅट.

कॅनपीवरची टेप मॅटच्या नंतरच काढायची. आणि खोलीत हवा खेळती ठेवा. लॅकर असेल तर सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क, कापडी चालत नाही.

सावकाश_चाललंय
डाग पारदर्शक कडेतच आहे, हिरवा टिपतोय. सीरियल सम क्रमांकाचं मिळालं, जुनं टेपने उचलून काढलं. लाल पट्ट्या शाबूत ठेवतोय, म्हणजे बारुदाचा झोत नाही.

काकदृष्टी
पट्ट्या शाबूत, मग पंखाखाली रिकामी काडतुसं पडायच्या खाचांमागेही काळं नको.

सावकाश_चाललंय
ते कालच मारलं. पुसतो.